बिडाचा कॅलिपर भंगारात टाकण्यापूर्वी

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर '२१ गन सॅल्यूट'चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या तीन-चार घरांच्या अंगणात जुनी गाडी येऊन उभी राहिली. दांडिया बाजारात एक मर्सिडीज आहे, कारेलीबागेत एक ट्रायम्फ, आणि अँबॅसडर-फियाट तर आहेतच. या सगळ्यांचा मला येणारा पहिला फोन जवळजवळ एकाच शब्दांत असतो: "चाक काढलं, कॅलिपर पार गंजलेत, नवे घेऊ ना?" कॅलिपर म्हणजे डिस्क ब्रेकचा जबडा: चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर तो पिस्टनच्या जोरानं पॅड दाबतो आणि चाक थांबवतो.

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. थांबा. बाहेरच्या गंजावरून काहीही ठरवू नका.

मी स्वतः ते ठरवलं होतं, म्हणून इतक्या आग्रहानं सांगतो. काकांची मर्सिडीज डब्ल्यू १२३ माझ्याकडे आली तेव्हा पुढचे दोन्ही कॅलिपर तांबूस-काळे, खवले धरलेले दिसत होते. मी ते किलोच्या भावानं भंगारात दिले आणि एका विक्रेत्याकडून 'रिकंडिशन' केलेली चकचकीत जोडी मागवली. एक पावसाळा गेला आणि उजवं चाक तापून वास यायला लागला. उघडून पाहिलं तर रंग फक्त बाहेरून दिलेला होता. आत पिस्टनवर खड्डेच खड्डे, आणि सीलच्या खाचेत पांढरट-तपकिरी पपडी. त्यावर कळस म्हणजे डावा एका कंपनीचा होता आणि उजवा दुसऱ्या. भंगारात गेलेले कॅलिपर बहुधा फक्त सील आणि पिस्टन बदलून उभे राहिले असते.

आधी बीड समजून घ्या

मराठी घरात बीड कोणाला नवं नाही. घावनाचा तवा बिडाचा असतो. तो जड असतो, उशिरा तापतो, तापला की उष्णता धरून ठेवतो, आणि फरशीवर पडला तर वाकत नाही, सरळ दुभंगतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे आईनं सांगितलेलं असतं. ब्रेकच्या बिडाचे निम्मे गुणदोष यातच आले.

लोखंडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन असलं की ते बीड. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड ११५० ते १२०० च्या आसपासच पातळ होतं आणि साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत शिरतं. म्हणून वेडेवाकडे, पोकळ भाग ओतायला ते इतकं सोयीचं.

पण गाडीच्या एकाच चाकावर दोन वेगळी बिडं असतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो.

डिस्क असते ग्रे बिडाची. त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. डोळ्यांसमोर पोहे आणा. हे पोहे एकमेकांना लागून असल्यामुळे उष्णता त्यांच्यातून पटकन पसरते, आणि कंपनंही त्यांच्यातच जिरतात, त्यामुळे ब्रेक कमी किंचाळतो. तोटा असा की प्रत्येक पोह्याची धार ही धातूच्या आतली एक तयार चीरच असते. ताण आला की तडा तिथून सुरू होतो.

कॅलिपरला मात्र ताणच सोसायचा असतो. जोराच्या ब्रेकला नळीतला दाब ७० बारपर्यंत सहज जातो. पिस्टन ६० मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याच्यामागचा जोर जवळपास दोन टन होतो, आणि कॅलिपरचे दोन जबडे सांडशीसारखे फाकवायचा तो प्रयत्न करत असतो. इथे पोह्यांचं बीड चालत नाही. इथे लागतं एसजी बीड, म्हणजे 'स्फेरॉइडल ग्रॅफाइट', गोल दाण्यांच्या ग्रॅफाइटचं. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळून पाहिलं, तेव्हा ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल दाण्यांत जमलं. पोह्यांच्या जागी साबुदाणा. गोल दाण्याला धार नसते, म्हणून हे बीड तुटण्याआधी थोडं ताणलं जातं. उष्णता ते ग्रे बिडाइतकी चांगली वाहून नेत नाही, पण कॅलिपरला ते नकोच असतं, आतलं ब्रेक ऑइल जितकं गार राहील तितकं बरं. एसजी सर्रास वापरात येण्याआधीच्या आणि नंतरच्याही काही कॅलिपरांत मॅलिएबल बीड दिसतं. पांढरं, ठिसूळ बीड भट्टीत बराच काळ तापवून ते चिवट केलेलं असतं.

फाउंड्रीवाल्याशी बोलताना दोन भारतीय मानकं लक्षात ठेवा. ग्रे बिडासाठी आयएस २१०, त्यात एफजी २००, एफजी २२०, एफजी २६० अशा प्रती, आणि आकडा म्हणजे मेगापास्कलमधली ताणशक्ती. एसजीसाठी आयएस १८६५. त्यात एसजी ५००/७ लिहिलं असेल तर ताणशक्ती किमान ५०० आणि तुटेपर्यंत लांबी किमान सात टक्क्यांनी वाढते. ग्रे बिडाला हा दुसरा आकडाच नसतो, कारण ते लांबत नाही, तुटतं.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर सुटा तुकडा दोरीला टांगून छोट्या हातोडीनं हलकेच वाजवा. एसजी घंटेसारखं वाजतं, ग्रे 'थप्प' असा मेलेला आवाज देतं. नको असलेल्या कोपऱ्यावर कानस मारली तर ग्रे बिडाची पूड पडते आणि बोट काळं होतं. एसजीचा कीस थोडा धरून राहतो. आणि एसजीचा कॅलिपर नेहमीसारखा खणखणत नसेल, तर आत तडा असू शकतो हेही त्याच आवाजातून कळतं.

चाक अडकतंय, पण दोष कॅलिपरचाच आहे का?

गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्या. ब्रेक दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. घट्ट अडकलं असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडर निपल, म्हणजे आतली हवा काढायचा छोटा स्क्रू, अर्धा फेरा उघडा. थोडं ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं, तर पिस्टन ठीक आहे. दाब मागे अडकून राहतो आहे, आणि जुन्या गाडीत याचं नेहमीचं कारण रबरी होज असतं. वय झालं की ते आतून सुजतं, पुढे जाणारा दाब जाऊ देतं पण परत येऊ देत नाही. होज बदलूनही तेच झालं तर पेडलच्या जोरानं दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर पाहा. निपल उघडूनही चाक हललं नाही, तर पिस्टन किंवा सरकत्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत.

ही दोन मिनिटांची तपासणी न करता कॅलिपर बदलणारे मी इतके पाहिले आहेत की ती मी गाडीच्या पहिल्याच दिवशी करायला लावतो.

कॅलिपर कोणता आहे ते वाचा

तारेच्या ब्रशनं बाहेरची घाण काढली की ओतकामातच उठलेली अक्षरं दिसतात. ब्रिटिश गाड्यांवर गर्लिंग, लॉकहीड किंवा डनलॉप, जर्मन गाड्यांवर बहुतेक वेळा आटे (ATE), ही कंपन्यांची नावं. फोटो काढून ठेवा, अंकांसकट. डब्ल्यू १२३ वर तर कारखान्यातूनच आटे, बेंडिक्स किंवा गर्लिंग यांपैकी काहीही आलेलं असे, आणि एकाचे पॅड दुसऱ्यात बसत नाहीत. "डब्ल्यू १२३ चे पॅड द्या" एवढं सांगून म्हणूनच भागत नाही. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा कॅलिपर हवा, हे माझ्यासारखं नंतर कळू देऊ नका.

मग आटे तपासा, म्हणजे स्क्रूचे. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत इंची आटे असतात, नंतर मेट्रिक आले. ट्रायम्फ टीआर ६ वर गर्लिंगचे १६पी आणि १६पीबी असे दोन कॅलिपर मिळतात. दिसायला जुळे भाऊ, पण पहिला इंची, दुसरा मेट्रिक. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही: तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि दुसरा १० मिलिमीटर. चुकीचा नट एक-दोन आटे धरतोही. मग मिस्त्री जोर लावतो आणि बीड आट्यांतून झिजून जातं. बिडातला आटा एकदा गेला की तो कॅलिपर वापरू नये.

रचना दोन प्रकारची. स्थिर कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि दोन अर्धे बोल्टनी जोडलेले असतात. हे अर्धे निष्कारण सुटे करू नका. बहुतेक कंपन्यांनी तसं करायला मनाईच केलेली आहे. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला, आणि सगळा सांगाडा पिनांवर सरकतो. तिथे अर्धं दुखणं पिनांचंच निघतं.

उघडून काय पाहायचं

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मी ज्या टर्नरकडे जातो तो गुजराती गृहस्थ कॅलिपर हातात घेतला की बाहेर बघतही नाही. "पहेलां खांचो जोवा दो," म्हणतो. आधी खाच पाहू द्या. बिडालाही तो बीडच म्हणतो, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं.

त्याचं म्हणणं समजायला आतली रचना लक्षात घ्यायला हवी. डिस्क ब्रेकमध्ये चौकोनी छेदाचं रबरी सील सिलिंडरच्या भिंतीतल्या खाचेत बसून राहतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवलं जातं ते दोन ठिकाणी: पिस्टनच्या पृष्ठभागावर आणि खाचेच्या तळाशी. बाकी बिडाच्या भिंतीला सील स्पर्शच करत नाही. पाय काढल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढण्याचं कामही हेच सील करतं: ब्रेक लावताना ते किंचित वाकतं, सोडताना सरळ होतं. खाचेत पपडी जमली की सीलला वाकायला जागा राहत नाही, आणि पॅड घासत राहतो.

ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये बरोबर उलटं असतं. तिथे रबर पिस्टनबरोबर सरकतं, म्हणून भिंत आरशासारखी लागते. ड्रमवर हात बसलेले मिस्त्री त्याच सवयीनं कॅलिपरची भिंतही होन करायला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला घेतात. त्याची गरज नसते, आणि जास्त घासलं तर पिस्टन सैल होतो.

तर नियम असा. भिंतीवर हलके डाग असतील तर चालतील. खाचेतली पपडी टोकदार लाकडी किंवा पितळी काडीनं काढा, पोलादी टोचा वापरू नका. खाचेच्या तळाशी नखाला लागेल असा खड्डा असेल तर कॅलिपर बाद. पिस्टनचा क्रोम सुटला असेल, टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा असेल, तर पिस्टन बदला. पॉलिश पेपर मारून तो वाचत नाही, उलट उरलेला क्रोमही जातो. स्टेनलेस स्टीलचे पिस्टन मिळत असतील तर तेच घ्या, आपल्या पावसाळ्यात बंद उभ्या राहणाऱ्या गाडीला ते फार मानवतात.

जाम पिस्टन काढताना सावध राहा. हवेच्या कॉम्प्रेसरनं उडवलेला पिस्टन बोट मोडू शकतो. कॅलिपर नळीला जोडलेला असतानाच, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून, ब्रेक पेडलनं हळूहळू बाहेर ढकलणं सगळ्यात चांगलं. आणि कॅलिपरला गॅसचा बर्नर लावू देऊ नका.

यानंतर पूल पाहा, म्हणजे दोन जबड्यांना जोडणारा वरचा भाग, आणि बोल्टच्या छिद्रांच्या कडा. शंका असेल तर डाय पेनेट्रंट तपासणी करून घ्या. लाल रंग लावतात, पुसतात, वरून पांढरी पूड फवारतात, तडा असेल तर लाल रेघ उमटते. औद्योगिक वसाहतीत हे रोजचं काम आहे. तडा निघाला तर वेल्डिंगची गोष्टही काढू नका. बिडाच्या वेल्डच्या कडेला धातू काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. पंपाचं बूड किंवा मशीनचा पाया तसा चालेल, ब्रेक नाही. फाउंड्रीतून कॅलिपरची नक्कल ओतून आणायचा मोहही होतो, कारण राजकोटला चांगलं ओतकाम होतं. डिस्क जरूर करून घ्या, योग्य प्रतीच्या ग्रे बिडात. कॅलिपर नको. ओतकामातली एक न दिसणारी पोकळी ७० बारच्या दाबाखाली काय करेल हे तपासायची सोय आपल्याकडे नसते.

धुताना पेट्रोल नको

आपल्याकडे गॅरेजात प्रत्येक गोष्ट पेट्रोलनं किंवा केरोसीननं धुतात. ब्रेकच्या रबराला खनिज तेलाचा थेंबही चालत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा नवं ब्रेक ऑइल वापरा. जोडताना नेहमीचं ग्रीस नाही, लाल रबर ग्रीस. मिस्त्रींना हे एकदा सांगून पुरत नाही. समोर बसा.

मग निवड कोणती?

माझा क्रम ठरलेला आहे. गाडीबरोबर आलेला मूळ बिडाचा कॅलिपर दुरुस्त होत असेल तर तोच. नसेल, तर त्याच कंपनीचा, त्याच क्रमांकाचा जुना सांगाडा शोधायचा आणि सील-पिस्टन नवे घालायचे. मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, अहमदाबादला एलिस ब्रिजजवळ रविवारची गुजरी भरते. विकत घेताना रंग दिलेला नको म्हणावं. गंजलेला, उघडा, पिस्टन काढून दाखवलेला कॅलिपर मला रंगवलेल्यापेक्षा दहापट पसंत. तिसरा पर्याय नवीन तयार केलेला, तोही बिडाचाच.

ॲल्युमिनियमचे चकचकीत कॅलिपर बऱ्याच जणांना खुणावतात. हलके असतात हे खरं. पण ॲल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी लवचिक आहे. तेवढाच ताठपणा आणायला अंग जाड करावं लागतं, आणि जुन्या गाडीच्या १३-१४ इंची चाकात तेवढी जागा नसते. दुसरं, पिस्टनचं माप बदलतं. ४८ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस सेंटिमीटर, ५४ चं जवळपास २३. सहा मिलिमीटरनं जोर २७ टक्के वाढतो, पण तेवढंच जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणजे पेडल खाली जातं. पुढचा जोर वाढला, मागचा तसाच राहिला, तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात. मास्टर सिलिंडर आणि मागचे ब्रेक यांचा हिशेब केल्याशिवाय मोठा पिस्टन बसवू नये.

फियाट-अँबॅसडरवाले विचारतात ते ड्रम काढून डिस्क लावण्याबद्दल. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो आणि जोर वाढवतो. डिस्कमध्ये ही मदत नसते, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असू शकतो; तो तसाच ठेवला तर डिस्कचे पॅड कायम घासतात. तब्येतीत असलेला ड्रम या गाड्यांच्या वेगाला पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि २०२१ मध्ये केंद्रीय मोटर वाहन नियमांत आलेली 'व्हीए' क्रमांकाची विंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांनाच मिळते, हेही गाडी कापायला घेण्याआधी लक्षात असू द्या.

डिस्क

इथे फार वेळ लागत नाही. कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं सहा-आठ ठिकाणी मोजा. कमी भरली तर बदला, तेही जोडीनं. पेडल थरथरत असेल तर लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा जाडी कमी-जास्त झालेली असते किंवा पॅडचा थर कुठेतरी चिकटलेला असतो. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज पूर्ण काढा. तिथे राहिलेला एक खवलाही डिस्क तिरकी बसवतो.

बसवताना

ब्लीडर निपल वर आला पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातो, हवा वरच अडकते आणि कितीही पंप केलं तरी पेडल स्पंजासारखं राहतं. आटेच्या पिस्टनला एका बाजूला पायरी कापलेली असते. ती २० अंशांच्या कोनात बसवायची असते, नाहीतर ब्रेक ओरडतो. पुठ्ठ्याचा कोन कापून घेतला तरी काम होतं.

ऑइल सीलबंद डब्यातलंच. डीओटी ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. ते हवेतला ओलावा शोषतच राहतं, म्हणून गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी बदला. बिडाला आतून गंज लागतो तो याच पाण्यानं. सिलिकॉनचं डीओटी ५ त्यात कधीही मिसळू नका.

हवा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून काढत या, आणि पेडल दाबून धरून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, असं दहा-बारा वेळा, मध्ये थोडं गार होऊ देत. नव्या पॅडचा थर डिस्कवर बसायला एवढं लागतं.

त्यानंतर मी पावागडला जातो. माचीपर्यंत चढायचं आणि खालच्या गिअरमध्ये उतरायचं. पायथ्याशी थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन, न लावता, उष्णता पाहायची. दोन्ही बाजू सारख्या तापल्या असतील तर कॅलिपर मोकळे आहेत. एखादी जास्त तापली असेल तर ब्लीडरची तपासणी पुन्हा करायची, पण चाकं पूर्ण गार झाल्यावर. तोपर्यंत त्यांच्यावर पाणी पडू देऊ नका, आणि हँडब्रेक न ओढता चाकाखाली दगड लावून ठेवा.